सकवारबाईंची माणकं

कानडी मुलखात, चामराजपेटेतल्या जुन्या मराठा घरांमध्ये लग्न असलं की सकवारबाई कुठे बसल्यात हे शोधावं लागत नसे. त्यांच्या गळ्यातलं अड्डिगे आधी दिसायचं आणि मग त्या. अड्डिगे म्हणजे गळ्यालगत बसणारा माणकांचा हार. त्यांच्या आईचा होता. माणकं जुन्या पद्धतीची, पैलू न पाडता नुसती घोटून गुळगुळीत केलेली, जाड सोन्याच्या कोंदणात बसवलेली. सकवारबाईंचे आजोबा लष्कराच्या घोड्यांना चारा पुरवायचे, आणि एका बऱ्या वर्षी त्यांनी ते सुनेसाठी करून घेतलं होतं.

सकवारबाईंना दागिन्यांपेक्षा खड्यांचं वेड जास्त. शेजारणी नव्या कुड्या घेतल्या की आधी त्यांना आणून दाखवायच्या. त्यांना मुलगी नव्हती. दोन मुलगे, दोघेही नोकरीनिमित्त परगावी. त्यामुळे धाकटा भाऊ रणवीर याची मुलगी भूमिका सुट्टी लागली की आत्याकडे यायची आणि दोघी अड्डिगे मांडीवर घेऊन बसायच्या.

"भर उन्हात नको बघू," त्या पोरीला सांगायच्या. "उन्हात काचसुद्धा चमकते. स्वल्प, जरा सावलीत धर. आता बघ, आतून कसं पेटलंय."

भूमिका बघत राहायची. पुढे ती मुंबईला जाऊन रत्नपरीक्षेचा अभ्यासक्रम करून आली आणि तिने कमर्शियल स्ट्रीटजवळ छोटं दुकान थाटलं. सकवारबाईंनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले.

त्र्याण्णव साली रणवीरच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं, तेव्हाची गोष्ट. त्या काळात सगळ्यांना हिरे हवे होते. नाजूक, खालून उजेड येईल अशा उघड्या कोंदणातले. लाल खड्यांचे जाड हार आज्यांच्या गळ्यात राहिले होते. भूमिका आत्यापाशी येऊन बसली.

"आत्या, खरं सांगू? ही माणकं आता कुणी घालत नाही. रंग बरा आहे, पण बाजारात मागणी नाही. मोडून हिऱ्यांचा सेट करून देते. तू उठून दिसशील."

"आईचं आहे गं ते."

"सोनं तेच राहील की. माणकांची तुला एक अंगठी करू."

सकवारबाईंचे यजमान फत्तेसिंग कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. ते म्हणाले, "घाई कशाला?" पण पोरीने हौसेने मागितलं होतं, आणि ती शिकलेली होती. सकवारबाईंनी अड्डिगे काढून दिलं.

महिन्याभराने भूमिका सेट घेऊन आली. सुंदर होता, हलका होता. सोबत मखमलीची छोटी पिशवी होती. पिशवीत लाल तुकडे.

"आत्या, रागावू नकोस," ती रडवेली होऊन म्हणाली. "कोंदणात भरलेली जुनी लाख फार घट्ट होती. काढताना माणकं फुटली. अंगठीपुरतंही एक धड राहिलं नाही."

सकवारबाईंनी उलट तिचीच समजूत घातली. एकट्या असताना मात्र त्या खूप रडल्या. ती पिशवी त्यांनी देवघरात ठेवली. शुक्रवारी तिला हळदकुंकू वाहू लागल्या. आईचं म्हणून जे उरलं होतं, ते तेवढंच होतं.

पाच वर्षांत वारं फिरलं. सॉफ्टवेअरच्या पैशाने शहरात नवी घरं उभी राहिली, आणि त्या घरांतल्या बायकांना अचानक जुनं हवं झालं. भट्टीत न तापवलेली बर्मी माणकं, हाताने घोटलेले खडे. सकवारबाई हे वर्तमानपत्रात वाचायच्या आणि पान उलटायच्या.

अठ्ठ्याण्णव साली एका मोठ्या हॉटेलात दागिन्यांचं प्रदर्शन भरलं. भूमिकाचाही त्यात गाळा होता. तिने बोलावलं नव्हतं, पण पोरीचं कौतुक बघायला बोलावणं कशाला लागतं? सकवारबाई हिऱ्यांचा सेट घालून, रिक्षा करून गेल्या.

गाळ्याच्या मधोमध काळ्या मखमलीवर अड्डिगे ठेवलेलं होतं.

त्यांना खूण शोधावी लागली नाही. आपल्या माणसाचा चेहरा गर्दीत ओळखू येतो तसं ते ओळखू आलं. एकही माणिक जागचं हललेलं नव्हतं. बाजूला इंग्रजीत पाटी होती, एका जहागीरदार घराण्याचा वारसा अशी. रणवीर आत खुर्चीवर कॉफी पीत बसला होता. बहिणीला पाहून तो ताडकन उठला.

"अक्का, इथे नको. घरी बोलू."

एवढ्यावरूनच त्यांना कळलं की त्यालाही ठाऊक होतं.

त्यांनी भूमिकाकडे पाहिलं. "फुटली होती ना?"

भूमिकाने मखमलीची कड सरळ केली. मग हळू आवाजात म्हणाली, "तुला तर नकोच होतं, आत्या. मी बदल्यात हिरे दिलेच की. धंद्यात पाय रोवायला मला एक चांगली वस्तू हवी होती."

"आणि ते तुकडे? पाच वर्षं मी पुजते आहे ते?"

"कारागिराकडे पडलेले होते," भूमिका म्हणाली. "तुला वाईट वाटू नये म्हणून."

सकवारबाईंचा हात नकळत काचेच्या कडेवर टेकला. शेजारी एक रेशमी साडीतली बाई अड्डिगे निरखत होती. तिला त्या कन्नडमध्ये स्पष्ट म्हणाल्या, "हे कुठल्या जहागीरदाराचं नाही. माझ्या आईचं आहे. माझे आजोबा घोड्यांचा चारा विकायचे."

बाईने चमकून वर पाहिलं. सकवारबाईंना वाटलं, आता ती हात मागे घेईल. पण तिचा चेहरा उलट खुलला.

"खरंच तुमच्या आईचं? मग तर फारच छान! नाहीतर या पाट्यांवर कोण विश्वास ठेवतं?" आणि ती भूमिकाकडे वळली, "हे मला द्या."

भूमिकाने मान खाली घालून पेटी काढली.

घरी आल्यावर फत्तेसिंग पोलिसांत जायला निघाले. सकवारबाईंनी त्यांना बसवलं. "माझ्या हाताने मी भावाला चौकीत नेणार नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी देवघरातली पिशवी उचलली आणि बाहेर कचऱ्यात टाकली. हात धुताना मात्र त्यांना रडू फुटलं.

भाद्रपदात गौरीला रणवीर दरवर्षीप्रमाणे बागिना, म्हणजे सुपातलं वाण, घेऊन आला. सकवारबाईंनी ते घेतलं, कपाळाला लावलं. कॉफी दिली.

"भूमिका दुसरं घडवून देते म्हणते," तो म्हणाला.

"नको."

"सरी, ठीक आहे. पण अक्का, एवढं कर. बाहेर कुणाला बोलू नकोस. पोरीचं नाव होतंय आता."

"मी होऊन सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पण कोणी विचारलं तर खोटं कशाला बोलू?"

पुढच्या हिवाळ्यात नात्यातलंच एक लग्न निघालं. सकवारबाई गळ्यात नुसतं मंगळसूत्र घालून गेल्या. रणवीर दोन खुर्च्या सोडून बसला होता. पुढच्या रांगेतली एक म्हातारी वळून म्हणाली, "अगं सकवार, गळा असा मोकळा का? आईचं ते लाल अड्डिगे कुठाय?"

रणवीरने बहिणीकडे पाहिलं. सकवारबाईंनी खुर्ची जरा पुढे ओढली आणि आवाज खाली न आणता, नावं घेऊन, पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.