चांगुणाबाईंच्या बाजूचं दार

हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजाराच्या टोकाला, पत्र्याच्या शेडमध्ये, रूपसिंगचं दुरुस्तीचं दुकान होतं. पाटी नव्हती. दारात फुटके डॅशबोर्ड, हवेच्या जाळ्या, काच चढवायचे हँडल असे टांगलेले असत, की नव्या माणसाला ते भंगाराचं दुकान वाटावं.

तरुणपणी तो तांड्यावरून सायकल काढायचा आणि गावोगाव बादल्या-घागरींना डाग द्यायचा. कुणाच्याही चुलीत खुरपी तापवायची, पिशवीतला प्लास्टिकचा तुकडा भोकावर वितळवायचा. पुढे बादल्या इतक्या स्वस्त झाल्या, की डाग द्यायला कुणी थांबेना. त्याच सुमाराला पुण्या-औरंगाबादच्या जुन्या मारुती या भागात येऊ लागल्या. दहा-बारा उन्हाळे खाल्लेल्या. आतलं प्लास्टिक पापडासारखं झालेलं. जरा जोर लावला की कडकन तुटायचं. रूपसिंगनं खुरपी ठेवली आणि विजेवर तापणारी कांडी घेतली.

तुकडा तो आधी नखानं वाजवून पाही, मग कोपरा किंचित जाळून वास घेई. ज्या जातीचं प्लास्टिक, त्याच जातीचं ठिगळ. नाहीतर ते धरत नाही. "माणसाची जात इचारू न्हाई," तो म्हणे, "पण याची इचारल्याबिगर काम होत न्हाई." जळालेल्या पाणमोटारीतली तांब्याची तार तापवून तो फटीच्या मागून टाके घातल्यासारखी बसवी. समोरून काही दिसत नसे. टाका पाठीकडून घालायची ही रीत त्यानं बायकोच्या, जिवनबाईच्या भरतकामात पाहिली होती. हे तो कुणाला सांगत नसे. जिवनबाई सगळ्यांना सांगे.

२००६ च्या मे महिन्यात निवृत्त शिक्षक शिवहार गुरुजी आले. त्यांच्या पांढऱ्या मारुतीच्या पुढच्या डाव्या दाराचं आतलं हँडल तुटलं होतं.

"किती दिवसांत होईल? रविवारी हिंगोलीला नातीचं बारसं आहे."

"दोन दिवसांत देतो की."

गुरुजी तरीही उभेच राहिले. मग हळूहळू सांगू लागले. एप्रिलमध्ये ते बँकेत गेले होते. बायको, चांगुणाबाई, गाडीत बसल्या होत्या. आत जुना विद्यार्थी भेटला, गप्पा लांबल्या. बाहेर बंद काचांची गाडी तापली. बाईंनी दार उघडायला जोर लावला आणि हँडल हातात आलं. त्यांनी काचेवर हात आपटले. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटलं, बाई ओळख दाखवतायत. दोघा-तिघांनी हसून नमस्कारही केला.

"तेव्हापासून गाडीत बसत नाही. म्हणते, स्वतःच्या हातानं उतरता येईल तेव्हाच बसेन. एसटीच्या पायऱ्या तिच्यानं चढवत नाहीत." गुरुजींनी चष्मा पुसला. "ती बारशाला आली नाही तर मीही जाणार नाही."

रूपसिंगनं दोन दिवस दुसरं काम धरलं नाही. हँडलच्या मोडलेल्या मुळाशी त्यानं नेहमीच्या दुप्पट टाके घातले, घासून गुळगुळीत केलं आणि दारात बसवून वीस-पंचवीस वेळा ओढून पाहिलं. नव्यापेक्षा मजबूत झालं होतं.

शनिवारी सकाळी चांगुणाबाई गुरुजींच्या आधारानं चालत आल्या. जिवनबाई भाकरी घेऊन आली होती. तिनं त्यांना चहा दिला. मग बाई गाडीत बसल्या. रूपसिंगनं दार लावलं.

दार आतून उघडेना.

काचेतून दिसत होतं, की वातानं आखडलेली त्यांची बोटं दुप्पट टाक्यांनी जाड झालेल्या हँडलमागे जातच नव्हती. तिसऱ्यांदा निसटल्यावर त्यांनी हात मांडीवर ठेवला. रूपसिंगनं घाईनं बाहेरून दार उघडलं. हँडल जोडल्यावर त्यानं वीस-पंचवीसदा बोट अडकवलं होतं, स्वतःचं.

"मी आहेच की उघडायला," गुरुजी म्हणाले.

"तवा बी तुमी होतेच की," चांगुणाबाई म्हणाल्या.

 रूपसिंग हँडलकडे पाहत राहिला, जणू चूक त्याचीच होती.

"त्याच्याकडं काय पाहून राहिलात?" जिवनबाई म्हणाली. "बाईंनी चहा कसा पिला, पाहिलं न्हाई? बोटानं न्हाई धरला कप. दोन मनगटांत धरला."

रूपसिंगनं मान वर केली. मग तो माठाजवळ गेला, खालची ओली माती घमेल्यात घेतली, थापून सारखी केली आणि बाईंपुढं धरली.

"मावशी, यात मनगट दाबा. दार उघडायला जोर लावताल तसं."

"हे काय, मला लहान लेकरू समजला का?" असं म्हणत त्यांनी मनगट दाबलं. बांगडीसुद्धा उमटली. माती वाळल्यावर त्या खोलगट ठशात रूपसिंगनं तारेची वेटोळी बसवली आणि दारातल्या एका डॅशबोर्डचे तुकडे वितळवून त्यावर लिंपले. वास घेऊन, जात जुळवून. दुपार कलली तेव्हा हँडलला एक रुंद, वाकडी कमान फुटली होती. अर्धी करडी, अर्धी काळी. या वेळी टाके समोरूनही दिसत होते.

"खुरप्यासारखं दिसतंय," गुरुजी म्हणाले.

"दिसू द्या. मला काय त्यात तोंड पाहायचं हाये?" बाई म्हणाल्या.

चांगुणाबाई पुन्हा बसल्या. या वेळी काच खाली ठेवून रूपसिंगनं दार लावलं. मनगट कमानीत गेलं, कोपरासकट मागं आलं आणि दार उघडलं. गुरुजी पुढं झाले, तसं त्यांनी मानेनंच त्यांना थांबवलं. एक पाय खाली ठेवला, मग दुसरा. जिवनबाई त्यांच्याकडं बघायचं सोडून भाकरीच्या फडक्याची घडी घालू लागली. डोळे वर न करता.

बाई परत आत बसल्या. दार स्वतः ओढून घेतलं. उघडलं. पुन्हा ओढून घेतलं. रूपसिंग बाजूला उभा होता. कांडीनं पोळलेला अंगठा त्यानं तोंडात धरला होता.

"बराबर हाये का, मावशी?"

 चांगुणाबाई मागं टेकून बसल्या, पदर नीट केला आणि गुरुजींना म्हणाल्या, "माझ्या बाजूची काच वर घ्या. धूळ येऊन राहिली."