मर्नाने नियम पुसू दिला नाही

मर्ना हाल्वोर्सन अमेरिकेतल्या डुलूथ शहरात बर्फ ढकलायचा ट्रक चालवायची. तलावाकडे उतरणाऱ्या ज्या रस्त्यांवर भल्याभल्यांचे पाय लटपटत, तिथून ती कॉफीचा घोट घेत खाली यायची. आमच्या चाहत्यांच्या क्लबात मात्र तिची ओळख वेगळी. 'दूरगस्त' ही तेव्हा तीस वर्षं जुनी असलेली टीव्हीवरची अंतराळ-मालिका तिला तोंडपाठ होती, आणि मालिकेवरच्या आमच्या माहितीपुस्तकाची ती संपादक होती.

१९९६ साली 'दूरगस्त'चा नवा अवतार टीव्हीवर आला आणि घोळ झाला. जुन्या मालिकेत जहाजावरची डॉक्टरीण म्हणते, "आपल्याकडे बायकांना जहाज देत नाहीत." नव्या मालिकेत भिंतीवर जुन्या कॅप्टनांच्या तसबिरी दिसल्या, आणि त्यांत एक बाई! तीही डॉक्टरणीच्या शंभर वर्षं आधीची. पुस्तकात आता लिहायचं काय?

शनिवारी वाचनालयाच्या खोलीत बैठक भरली. आमचा अध्यक्ष वेंडल क्रूगर औषधांच्या दुकानात काम करायचा. तो म्हणाला, "सोपं आहे. डॉक्टरणीचं डोकं फिरलं होतं, असं लिहू. असा नियम कधी नव्हताच."

सगळे खूश. मर्नाने हातातली बशी खाली ठेवली.

"अडचण झाली की बाईला वेडी ठरवायची, होय रे वेंडल? ते वाक्य मी नऊ वर्षांची असताना ऐकलं. ते ऐकून माझा भाऊ माझ्याकडे बघून खिदळला होता. तोही भासच का?"

"अगं, पण आधी बाई कॅप्टन होती ना! मग नंतर असा नियम येईल कसा? जग पुढे जातं, मागे नाही."

"हे माझ्या आईला सांग. महायुद्धात ती पलीकडे सुपीरियर गावच्या गोदीत जहाजं वेल्ड करायची. सहा जणी तिच्या हाताखाली होत्या. पंचेचाळीसमध्ये युद्ध संपलं आणि तिला म्हणाले, बाई, आता घरी जा. माझ्या लहानपणी गल्लीत कुणालाही विचारलं असतंस, तर हसले असते. म्हणाले असते, बायका कुठे वेल्डिंग करतात?"



"तसबीर खरी, नियमही खरा," मर्ना म्हणाली. "दिलं होतं, मग काढून घेतलं. पुढे कुणीतरी भांडून परत मिळवलं. तसंच लिहा."

मतं घेतली. नऊ विरुद्ध सात, मर्ना हरली. मीही वेंडलच्या बाजूने हात वर केला. का, तर तो मला गाडीतून घरी सोडायचा! आजही सांगताना लाज वाटते.

मर्नाने फाइल टेबलावर आपटली. "बाईला वेडी ठरवणाऱ्या पानावर संपादक म्हणून माझं नाव नको," म्हणाली आणि निघून गेली.

वसंतात मिनियापोलिसला चाहत्यांचा मेळावा होता. तिथे ती आपलं म्हणणं स्वतः टाइप केलेल्या चार पानांच्या प्रती घेऊन टेबल मांडून बसली. वेंडल तरातरा आला. "क्लबला न विचारता हे वाटायचं नाही."

"क्लबचं नाव आहे का यावर? माझं आहे. वाच नीट."

"लोक गोंधळतील, मर्ना."

"गोंधळू देत की. बाजूला हो, मागे रांग लागलीय."

खरंच लागली होती. पांढऱ्या केसांची एक बाई ती पानं उभ्याउभ्या वाचून म्हणाली, "मी युद्धात ट्राम चालवायची. मलाही असंच घरी बसवलं." मर्नाने तिला शेजारची खुर्ची दिली. दोघी दुपारभर तिथेच बसून पानं वाटत होत्या. चारच्या आत सगळी संपली.

पुढच्या आवृत्तीत क्लबाला तिचं म्हणणं छापावंच लागलं, इतकी पत्रं आली. पण वेंडलने सुरुवातीला घातलं, 'काही सभासदांच्या मते'. प्रत हातात पडताच मर्नाने सगळ्यांसमोर पेन काढलं. ते तीन शब्द खोडले आणि वर ठसठशीत लिहिलं, 'मर्ना हाल्वोर्सन म्हणते'. मग ती प्रत तिने वेंडलच्या हातात दिली.