तेवीस हाडांची भोकं

आमच्या वाघोलीकडच्या मेडिकल कॉलेजात शरीररचना विभागाची खरी मालकीण कोण विचाराल, तर सोजरबाई. हुद्दा मदतनीसाचा. अठरा वर्षं हाडं धुणं, वाळवणं, डावं-उजवं लावणं सगळं त्यांच्याकडे. पण नोकरी अजून अकरा महिन्यांच्या कंत्राटाची, आणि दर खेपेला विभागप्रमुखांची सही हवी. सही नाही तर बसा घरी. आणि घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच.

मी उत्कर्षा, कोथरूडची, एम.डी.ची विद्यार्थिनी. हुशार म्हणे! माझा प्रबंध मांडीच्या हाडावर. हाडालाही रक्त लागतं. ते नेणारी रक्तवाहिनी हाडाच्या मागच्या कंगोऱ्याजवळच्या बारीक भोकातून आत शिरते. ही भोकं मोजायची. साठ हाडं तपासली, तर तेवीस हाडांना भोकच नाही! एखाद्दुसऱ्याला नसतं, पण तेवीस? विभागप्रमुख सर माझे गाइडही होते, ते भलतेच खूश. "नवा शोध आहे, परिषदेत मांडू." मीही हवेत.

सोजरबाईंनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "शोध कसला डोंबलाचा! तपासणीला कमिटी येणार म्हणून सरांनीच सांगितलं, हाडं चकचकीत करा. मी वॉर्निशचे तीन-तीन हात दिले. बारीक होती ती भोकं बुजली त्यात."

आणि मी काय म्हणाले? "मावशी, कुणाला सांगू नका ना." अजून लाज वाटते.

"का म्हणून?" असं म्हणत त्या तरातरा सरांच्या केबिनमध्ये शिरल्या. मागोमाग मी.

सगळं ऐकून सर थंडपणे म्हणाले, "आपलं शिक्षण किती, सोजरबाई?"

"सातवी. म्हणून काय हाडातलं कळत नाय व्हय?"

"आपला कागद माझ्या टेबलावर आहे, विसरू नका."

"असू द्या. त्या कागदापायी खोटं खपवून घ्यायची नाय मी."

दुसऱ्या दिवशी त्या केबिनच्या दाराशीच, येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेत, थिनरची बाटली घेऊन बसल्या. एकेक हाड पुसायचं, बारीक सुई घालायची. सुई तिरकी, खुब्याच्या दिशेने वर सरकली की मोठ्यांदा ओरडायचं, "हाय!" बावीस वेळा ओरडल्या. तेविसावं हाड चारदा पुसून माझ्या हातात दिलं. "ह्याला मात्र खरंच नाय. तसंच लिव, पोरी."

संध्याकाळी सर मला म्हणाले, "आकडे बदलायचे नाहीत. बदललेस तर प्रबंधावर माझी सही मिळणार नाही. बाईंच्या कागदावर तर नाहीच नाही."

तेव्हा माझं डोकं सणकलं. तीन वर्षं गेली खड्ड्यात!

"ठीक आहे सर. उद्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेला बाहेरच्या कॉलेजांतले परीक्षक येताहेत. सही का नाही, ते आपणच त्यांना सांगा. मी हाडं घेऊन येते आणि मावशींनाही. नाहीतर सही करा. आधी त्यांच्या कागदावर."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग दोन्ही सह्या केल्या.

मी सोजरबाईंना आत बोलावलं. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला, घडी घातली आणि बाहेर आल्या.

"मावशी, निदान आभार तरी मानायचे," मी कुजबुजले.

त्या फाडकन म्हणाल्या, "मी? अठरा वरसं राबतीय हितं. त्यांनी मानावेत."