तारेवरची चुंई

आमचे हे बोलायला कमीच. लग्नानंतर पहिल्या महिन्यात मला वाटलं, माणूस मुका आहे की काय! मग एके दिवशी गिटार मांडीवर घेतली आणि तासभर थांबले नाहीत. तेव्हा कळलं, ह्यांचं तोंड तिथे आहे.

नोकरी एका हॉटेलात, संध्याकाळी वाजवायची. समोर लोक जेवत असायचे. "ऐकतं कोण?" हे म्हणायचे. "चमचे जोरात वाजले की मी हळू वाजवतो, एवढंच आमचं नातं." सकाळी घरी रियाज. बोटं तारेवरून खालीवर घसरली की चुंई असा आवाज व्हायचा. स्वयंपाकघरात माझं डोकं उठायचं. "त्या दाराला तेल घाला की हो!" मी ओरडायचे. "तुला काय कळतंय त्यातलं," हे ठरलेलं उत्तर.

मग डाव्या हाताची नस दबली. ऑपरेशननंतर बोटं हलायला लागली, पण तार दाबण्याइतका जोर काही येईना. नुसती खरखर. हॉटेल सुटलं. तरी रोज सकाळी गिटार काढायची, उजव्या हाताने खुंट्या पिळून सुरात लावायची आणि न वाजवता भिंतीला टांगायची. मला बघवायचं नाही, पण बोलायची सोय नव्हती. शेवटी एका जुन्या विद्यार्थ्याला ह्यांनी फोन केला, "रविवारी येऊन गिटार घेऊन जा." ती गेली की हा माणूस कायमचा मुका होणार, मला दिसत होतं.

सूनबाईला सांगितलं. पोरगी हुशार. रविवारी एक लांबट खोकं घेऊन हजर. आत गिटारच, पण पोट नसलेली. मानेवर तारांऐवजी बटणं, उजव्या हाताला तेवढ्या सहा आखूड तारा.

"बाबा, ही मिडी गिटार. हिला स्वतःचा आवाज नाही. कुठलं बटण, किती जोरात, एवढा निरोप ती कॉम्प्युटरला देते. आवाज तो काढतो. नुसतं बोट टेकलं तरी पुरे."

"म्हणजे रिमोट," हे म्हणाले.

"बासरीचाही आवाज काढते."

"मग बासरीच आणायची ना बाई."

मी भडकलेच. "अहो, पोरीने एवढ्या हौसेने आणलंय, हात तर लावा!"

घेतली एकदाची मांडीवर. उजवा हात सवयीने वर गेला, खुंट्यांकडे. खुंट्या होत्याच कुठे? हात तसाच हवेत राहिला.

"सूर कोण लावणार हिचे?"

"लावलेलेच असतात बाबा. उतरतच नाहीत."

"मग सकाळी मी करायचं काय?"

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. मीच म्हणाले, "वाजवायचं!"

वाजवलं. रोजचीच सकाळची धून. स्पीकरमधून आवाज असा स्वच्छ आला की माझे डोळे भरले. पण हे अर्ध्यात थांबले.

"माझं वाटत नाही. दुसराच कुणी चांगला माणूस वाजवतोय. बोटं कुठून कुठे गेली, ऐकूच येत नाही."

"तोही आवाज आहे यात, घालू का?"

"नको. खोटा नको." आणि खाली ठेवायला लागले.

"पुन्हा सुरू करा," मी म्हणाले.

"कशाला?"

"करा म्हणते ना!"

केलं. पहिल्यांदा हात खाली उतरतो ती जागा आली आणि मी दारातूनच तोंडाने केलं, "चुंई!" सूनबाई फिसकन हसली. ह्यांनी मान वर केली नाही. पुढची जागा आली, तिथली लांब असते. "चुंऽऽई." मग तिसरी, अगदी बारीक, घाईत निसटणारी. तीही केली.

हात थांबला. "सगळ्या जागा पाठ आहेत तुला?"

"एवढी वर्षं दार कुरकुरतंय माझ्या डोक्यात. पाठ नाही होणार?"

"म्हणजे तू ऐकत होतीस," हे म्हणाले, आणि डाव्या हातानेच डोळे पुसले.

तेवढ्यात बेल वाजली. विद्यार्थी आला होता. सूनबाई उठली.

"भिंतीवरची गिटार दे त्याला," हे म्हणाले, "पण जरा बाहेर बसव. आमचं दोघांचं अर्धं राहिलंय."