विमानवाले आमच्याकडे जेवायला आले तेव्हा

हसायचं कुठे आणि घाबरायचं कुठे, हे मला त्या दिवशी शेवटपर्यंत कळलं नाही. आजही नीट कळलंय असं नाही, पण लिहून बघते. लिहिताना तरी उलगडेल.

माझी भाची, म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी, विमानात काम करते. प्रवाशांना बसवणं, खायला देणं, पट्टे लावले की नाही बघणं, ते सगळं. माझ्या नातीलाही तेच करायचं होतं. तिची निवडही झाली होती. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं, आणि माझा मुलगा काही हो म्हणत नव्हता. नाही असंही म्हणत नव्हता, ते जास्त वाईट. विचारलं की उठून मिरकरवाड्याला बोटीकडे जायचा. आता पावसाळी बंदीचे दिवस, बोट किनाऱ्याला बांधलेली, मासेमारी बंद, तिथे काम ते काय असणार. पण जायचा.

सून कधीच राजी झालेली. नात माझ्या मागे लागली, आजी तू सांग. मी काय सांगू? मी विमानात कधी पाय ठेवलेला नाही. मग मी भाचीला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, मी रविवारी येते आणि माझ्याबरोबरच्या दोघांना घेऊन येते. दादा आमच्या गमतीजमती ऐकेल, चार घटका हसेल, म्हणजे त्याची भीती जाईल." मलाही ते पटलं. पटायला नको होतं की काय, ते पुढे तुम्हीच ठरवा.

तर आले तिघं. भाची, एक कॅप्टन आणि एक पोरगी. कॅप्टन नागपूरकडचे, केस पिकलेले, आवाज असा की शेजारची कोंबडी बिचकली. पोरगी साताऱ्याची, आमच्या नातीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल नसेल, मला वाटलं हीसुद्धा भाचीसारखीच. तर ती सहवैमानिक. म्हणजे कॅप्टनच्या शेजारी बसून विमान चालवणारी. मी तिला विचारलं, "एकटीने चालवतेस कधी?" ती म्हणाली, "मावशी, कॅप्टन झोपले की." ते सगळे हसले. मी पण हसले. मुलाकडे बघितलं, तो पायरीवर बसून पायाचा अंगठा बघत होता. मग मी भाचीला हळूच विचारलं, खरंच झोपतात काय गो? ती म्हणाली, अगं मावशी, मस्करी. बरं.

पडवीत खुर्च्या टाकल्या, चहा झाला आणि गोष्टी सुरू झाल्या.

सातारच्या पोरीने सांगितलं, एकदा पावसात ती पिवळा रेनकोट घालून विमानाला फेरी मारत होती. उडायच्या आधी चाकं, पंख, सगळं डोळ्यांनी बघावं लागतं म्हणे. तर एका गृहस्थाने तिला हमाल समजून हातात पिशवी दिली, आंब्याची, "ताई, सांभाळून ठेवा, पिकलेत." तिने ठेवली. कुठे, तर विमान चालवायच्या खोलीत, पायाशी. उतरताना दार उघडून त्यांना पिशवी परत केली तर गृहस्थ तिच्या खांद्यावरच्या पट्ट्या बघून म्हणे, "मग चालवत कोण होतं?"

ही मला समजली. मी मनापासून हसले. मुलगाही जरा हसल्यासारखा वाटला, की मिशी खाजवली, सांगता येत नाही.

मग कॅप्टन. एका गावी उतरायला गेले तर धावपट्टीवर कुत्रा. विमान खाली आणलं ते परत वर घेतलं. फेरी मारून पुन्हा आले, कुत्रा तिथेच बसलेला. परत वर. तिसऱ्यांदा कुत्रा गेला एकदाचा. उतरल्यावर एक बाई भाचीला म्हणाल्या, "अजून एक फेरी मारली असती तर बरं झालं असतं, आमच्या बाजूला समुद्र आलाच नाही."

सगळे पोट धरून हसत होते. मुलाने विचारलं, "आणि तेल?"

"म्हणजे?"

"दोनदा वर गेलात. तेल किती होतं?"

कॅप्टन म्हणाले, "भरपूर होतं. जास्तीचं घेतलेलंच असतं."

"बरं," म्हणाला आणि पुन्हा अंगठा. आता हे चांगलं झालं की वाईट? मी नातीकडे बघितलं, नातीने भाचीकडे, भाचीने छताकडे.

मी म्हटलं, चला, जेवून घेऊ. पोट भरलं की माणूस ऐकतो. बंदीत ताजी मासळी कुठली, पण खाडीतल्या शिंपल्या, आमच्याकडे तिसऱ्या म्हणतात, त्या मिळाल्या होत्या. त्यांचं सुकं केलेलं, काळ्या वाटाण्याची उसळ, भात, सोलकढी. मी कॅप्टनच्या ताटात तिसऱ्या वाढायला गेले, तर त्यांनी आधी त्या पोरीच्या ताटात बघितलं.

"तू काय घेतेयस?"

"तिसऱ्या."

"मग काकू, मला उसळच."

मी म्हटलं, "तुम्ही खात नाही काय?"

"खातो ना. आवडतात."

"मग घ्या की."

"तिने घेतल्यात ना."

मला काही समजेना. मनात नको नको ते येऊन गेलं. हिच्यासोबत एका भांड्यातलं चालत नाही की काय, हल्लीच्या काळात, आणि तेही इतक्या शिकल्या-सवरलेल्या माणसाला? मी पळी घेऊन तशीच उभी. सातारची पोरगी मात्र खुशाल शिंपले चोखत होती. शेवटी भाचीने उलगडून सांगितलं. विमानात कॅप्टन आणि सहवैमानिक एकच पदार्थ खात नाहीत. चुकून अन्न बाधलं तर दोघं एकदम आडवे पडायला नकोत. एकाने तरी शुद्धीत राहून विमान उतरवलं पाहिजे.

"अहो, पण आज कुठे विमान आहे?" मी म्हटलं. "आणि माझ्या तिसऱ्यांनी आजवर कोणी आडवा पडलेला नाही."

कॅप्टन लाजले. "काकू, इतकी वर्षं झाली, हात जातच नाही. घरी बायकोसुद्धा ओरडते. ती जे वाढून घेते ते मी घेत नाही."

माझा मुलगा जेवता जेवता थांबला. "आमच्याकडे सगळे एकाच टोपातलं," म्हणाला. "तांडेल, खलाशी, सगळे."

"आणि बाधलं तर?" कॅप्टननी विचारलं.

"तर सगळेच वाकतात बोटीवरून. कोणी कोणाला हसायला उरत नाही."

त्या दिवसातलं त्याचं हे पहिलं लांब वाक्य. तो बोटीचा तांडेल, म्हणजे बोट त्याच्या हातात, त्यामुळे कॅप्टनच्या धंद्याशी कुठेतरी जुळत असेल. भाचीला जोर आला. तिने लगेच आपली गोष्ट काढली.

गेल्या वर्षी विमान एकाएकी खाली बसलं म्हणे, हवेतल्या खड्ड्यात. ती चहाची गाडी ढकलत होती. ती वर, छताला, आणि तिथून थेट एका आजोबांच्या मांडीवर. आजोबा शांतपणे म्हणाले, "बसा, बसा, शेजारची जागा रिकामीच आहे."

पुन्हा हशा. मीही हसायला तोंड उघडलं आणि माझं लक्ष तिच्या मनगटाकडे गेलं. गेल्या वर्षी ते प्लास्टरमध्ये होतं.

"तू तर म्हणालीस जिन्यात पाय घसरला."

तिने हात मागे घेतला. मग म्हणाली, "मावशी, तुला कशाला घोर."

हशा विरला. नात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, तिचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, संपलं. आपणच बोलून पोरीचं वाटोळं केलं. मुलगा आता उठेल, हात धुवेल आणि मिरकरवाड्याला जाईल.

तो उठला नाही. सोलकढीचा पेला खाली ठेवून म्हणाला, "आमच्या पंख्यात एकदा जाळं अडकलं."

पंखा म्हणजे बोटीचा, पाण्यातला. इंजिन बंद. वायरलेसही मेलेला. काळोख आणि धुकं, आणि बोट वाऱ्यावर. एक खलाशी रडत नवस बोलला, वाचलो तर जन्मात मासा खाणार नाही. जेवण करणारा भंडारी वेगळाच रडत होता, कारण गडबडीत भात लागला होता. माझ्या मुलाने सगळ्यांना तो करपलेला भात खायला बसवलं. उपाशी माणूस जास्त घाबरतो, म्हणाला. "रात्रभर आम्हाला वाटत होतं, आलो गोव्याला. उजाडलं, धुकं सरलं, तर समोर भगवती किल्ला. घरच्या दारातच होतो. आणि तो नवसवाला बांगडा भाजत बसलेला."

सातारची पोरगी हसून हसून ठसकली. भाची डोळे पुसत होती. कॅप्टन मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "किल्ल्याखाली खडक आहे ना? किती लांब होता?"

"होता जवळच," मुलगा म्हणाला. "जाळं वेळेवर कापलं गेलं."

मी हे पहिल्यांदा ऐकत होते. "हे कधीचं?" मी विचारलं. त्याने सांगितलं नाही. पण मला आठवलं, एकदा तो दुपारी घरी आला होता, कपड्यांना करपलेल्या भाताचा वास, आणि म्हणाला होता की जयगडला मुक्काम पडला. मी त्याच्यासाठी पुन्हा भात टाकला होता.

नात म्हणाली, "बाबा, आम्हाला कधी बोलला नाहीस."

"तू बोलशील?"

तिने तांब्या खाली ठेवला. मग तो म्हणाला, "जायचं तर जा. पण लोकांना हसायची गोष्ट सांगशील, त्याच्या आधी मला साधी सांगायची. काय झालं, कुठे लागलं, कोण बरोबर होतं. मग हस हवी तेवढी."

"आणि तू?" तिने विचारलं.

त्याने मान हलवली. होकाराची की नकाराची, समोर बसूनही मला कळलं नाही. नातीला कळली असावी, कारण तिने त्याचं ताट उचललं आणि आत जाऊन भांडी घासायच्या निमित्ताने रडून घेतलं.

कशाने वळला तो, ते मी भाचीला कितीदा विचारलं. ती म्हणते, कुत्र्याच्या गोष्टीने. मला वाटतं मनगटाने. मनगट बघून बाप हो कसा म्हणेल, हेही मला सांगता येत नाही.

आता नात उडते. फोन येतो तो आधी बापाला. तो फोन घेऊन माडाखाली जातो, पाठ करून उभा राहतो, नुसतं हं, हं. मग फोन माझ्याकडे येतो आणि ती मला गंमत सांगते, कोणी बूट काढून खिडकीत ठेवले, कोणाचं बाळ तिच्या टोपीसाठी रडलं. मी हसते आणि हसता हसता मुलाचं तोंड बघते. विचारलं तर म्हणतो, तेवढंच गं. तेवढंच म्हणजे केवढं?

परवा रिंग वाजली तेव्हा तो आंघोळीला गेला होता. मीच फोन उचलला. म्हटलं, "आज मला आधी साधी सांग."

ती म्हणाली, "आजी, आज मला भीती वाटली."

"मग?"

"मग काही नाही. पाय कापत होते, म्हणून बसून घेतलं. नंतर सगळ्यांना चहा दिला."

"लागलं कुठे?"

"नाही गं." आणि पलीकडून तिच्या हसण्याचा आवाज आला. "साधी झाली. आता गंमत सांगू?"

"थांब जरा," मी म्हटलं. "थांब."