यष्टिरक्षकाचा उजवा हात

११ फेब्रुवारी २००८, सोमवार, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. पोलीस सेवेचा राजीनामा देऊन काही वर्षे झाली, तरी ही वेळ मनातून गेलेली नाही. मी विज्ञान शाखेची पदवीधर, जालन्यातील ठाण्यात नव्याने रुजू झालेली उपनिरीक्षक होते. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. तेवढ्यात फोन वाजला. तो एका नेट कॅफेच्या मालकाचा होता.

"म्याडम, जल्दी कुणाला तरी पाठवा. पोरं इथं बसून एका कीपरचे बोटं तोडायचं ठरवून राह्यले."

आठवड्यापूर्वी टेनिस चेंडूच्या स्पर्धेत शहरातला लाडका संघ बदनापूरच्या संघाकडून अंतिम सामना हरला होता. यष्टिरक्षकाच्या हातून तीन झेल सुटले. त्याने सामना विकला, असा बोभाटा इंटरनेटवरील चाहत्यांच्या गटात झाला. आदल्या दिवशी त्याच्या घरावर दगड पडला होता. तक्रार मात्र आली नव्हती.

बोटे तोडण्याची भाषा करणाऱ्या दोघांना आम्ही ताब्यात घेऊन प्रतिबंधक कारवाई केली आणि यष्टिरक्षकाला बोलावले. तो मूळचा हसनाबादचा, एमआयडीसीतील रोलिंग मिलमध्ये कामाला. रोलरमधून सुटणारी लालबुंद सळई चिमट्याने पकडून पुन्हा आत घालायची, हे त्याचे काम. त्याच्या चपळाईचे मूळ तेच होते.

"सामना विकतो अन् टेम्पोला लटकून ठाण्यात येतो? बरा व्यापारी दिसतोय," आमचे हवालदार म्हणाले. तो हसला नाही.

"तक्रार का दिली नाही?" मी विचारले.

"न्हाई द्यायची, म्याडम."

चहा त्याने डाव्या हाताने उचलला. उजवा हात खिशातच होता. सांगितल्यावर त्याने तो बाहेर काढला. तळव्याची कातडी भाजून सोलवटली होती. सामन्याच्या दोन दिवस आधी चिमटा निसटला होता. त्याने हळद लावून, फडके गुंडाळून, ग्लोव्हज चढवले होते.

"हे आधीच का नाही सांगितलं?"

"आमच्या ठेकेदाराचा रिवाज हाय. हात भाजला की माणूस घरी. डाव्या हातानं चिमटा धरून कसंतरी निभवून राह्यलो. कागदावर आणू नका."

मग पहिली पोस्ट लिहिणारा सापडला. तो एका बियाणे कंपनीतला कारकून होता, याच संघाचा निस्सीम चाहता.

"मी तं गंमत केल्ती. 'विकला की काय?' एवढंच इचारलं."

तो खरे बोलत होता. मी सगळ्या प्रतिक्रिया क्रमाने वाचल्या. चौथ्या माणसाने 'विकलाच असेल' म्हटले. नवव्याच्या मित्राने सौदा पाहिला होता. पुढे तो मित्र 'सगळे गाव' झाला. प्रत्येकाने आधीच्याला पुरावा मानले आणि स्वतःची थोडी भर घातली. खोटारडा शोधायला निघालेल्या मला एकही खोटारडा सापडला नाही.

कारकुनाने खुलासा लिहिला की आरोपाला आधार नाही. खाली लगेच उत्तर आले, 'तुला किती भेटले?' कारण सांगितल्याशिवाय कोणी ऐकणार नव्हते आणि कारण सांगितले तर नोकरी जाणार होती. तो निर्णय माझा नव्हता.

तिसऱ्या दिवशी यष्टिरक्षक स्वतः आला आणि टेबलावर हात उघडा ठेवून म्हणाला, "काढा फोटो. आज मंडईत माझ्या बापाला लोक म्हणले, पोरगं कितीला इकलं? काम दुसरं भेटंल, म्याडम."

मी कारकुनाला बोलावून घेतले. त्याने मोबाइलवर फोटो काढला आणि हात कसा भाजला ते लिहून माझ्यासमोरच गटात टाकला. त्याच आठवड्यात ठेकेदाराने यष्टिरक्षकाला कामावरून कमी केले.

प्रयोगशाळेत मी शिकले होते की चुकीचे निरीक्षण नव्या निरीक्षणाने पुसता येते. लोकांच्या बाबतीत तसे होत नाही. अफवेत प्रत्येकाला काहीतरी करता येते. सत्यापुढे फक्त गप्प बसता येते, म्हणून तिथे गर्दी होत नाही. पुढच्या प्रत्येक तपासात 'कोणी सांगितले' याआधी मी 'तुम्ही त्यात काय घातले' हे विचारू लागले.

प्रकरण बंद करताना दोन्ही पोस्टखालच्या प्रतिक्रिया मोजून अहवालात लिहिल्या. विकलेल्या सामन्याला तीनशे सतरा. भाजलेल्या हाताला अकरा.