न वाचलेल्या वहीची प्रस्तावना

कवितासंग्रहाला प्रस्तावना लिहायची म्हटलं की मला आता शिसारी येते. तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं, मराठीत कविता लिहिल्या, बंगळुरातून एक मराठी त्रैमासिक चालवलं. या सगळ्याचं फळ काय, तर शहरात कुणाची कवितांची वही भरली की तो माझ्या दारात उभा. पुण्या-मुंबईहून आलेली आयटीतली मंडळी तर फोनवरच उरकायची. "मॅडम, फक्त दोन पेजेस, मंडेपर्यंत दिलंत तरी चालेल!" कविता वाचा, असं त्यांच्यातलं कुणी म्हणत नसे आणि मीही वाचत नसे. पहिली कविता आणि शेवटची कविता चाळायची, वरून 'संवेदनशील मन' आणि 'अनुभवाची अस्सल धग' यांची ठरलेली फोडणी द्यायची, की झालं. या उद्योगानं माझं नाव मोठं होत गेलं, हे लिहितानासुद्धा तोंड कडू होतं.

अशातच चिकपेटेतले एक साडीवाले माझ्याकडे आले. कित्येक पिढ्या इथंच मुरलेलं मराठी घराणं, दुकान मुलाच्या हाती दिलेलं, वय सत्तरीच्या पुढं. माझ्याहून पुष्कळ मोठे, तरी मला अक्का म्हणायचे. मेट्रोनं जे. पी. नगरला माझ्या घरी आले ते साडीच्या खोक्यात वही घेऊन.

"प्रस्तावना नाही दिली तरी सरी, अक्का," ते त्यांच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाले. "पण स्वल्प सवड काढून सगळं वाचा. आमची पोरं मराठी बोलतात, वाचता येत नाही त्यांना. घरात वाचणारं कुणी राहिलं नाही."

मी तोंडभरून हो म्हटलं. मग तीन महिने ते खोकं टेबलाखाली पडून राहिलं आणि त्यावर त्रैमासिकाचे गठ्ठे चढले. छापखान्यातून फोन आला तेव्हा पेपर तपासता तपासता उठले आणि अर्ध्या तासात काम उरकलं. शेवटच्या कवितेत म्हातारा बायकोला विचारत होता, तू कुठं गेलीस, याच घरात मी तुला शोधतोय. मला तेवढंच पुरे होतं. 'दिवंगत पत्नीच्या विरहाचा हा टाहो' असं झोकात लिहिलं आणि मजकूर थेट छापखान्यात पाठवून दिला. अक्कांनी लिहिलेलं आपण काय तपासायचं, म्हणून साडीवाल्यांनी तो न बघताच छापू दिला.

प्रकाशन इंदिरानगरातल्या एका सभागृहात, रविवारी सकाळी होतं. पहिल्या रांगेत त्यांच्या शेजारी एक वयस्क बाई बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, त्यात मोगरा, नजर मात्र भलतीकडेच. बहीण असेल, असं मला वाटलं. निवेदिकेनं दाटल्या आवाजात माझी प्रस्तावना वाचायला घेतली. 'दिवंगत पत्नी' हे शब्द आले तसा साडीवाल्यांनी त्या बाईंचा हात घट्ट धरला. पलीकडे त्यांचा मुलगा ताडकन उठत होता, त्याला त्यांनी दुसऱ्या हातानं खाली बसवलं.

तेव्हा कुठं मी पुस्तक मधेच उघडलं. पानोपानी ती बाई होती. तिचे केस विंचरणं, तिला मऊ भात भरवणं, रोज सकाळी तिनं तुम्ही कोण म्हणून विचारणं आणि यांनी रोज नव्यानं नाव सांगणं. एका कवितेत तर त्यांनी स्वच्छच लिहिलं होतं की लोक तिला गेल्यात जमा धरतात, पण ती आहे, आणि ती आहे हे सांगायलाच हा सगळा खटाटोप.

पुढचं भाषण माझंच होतं. उठून चूक कबूल करता आली असती, दोन वाक्यांचं काम होतं. पण समोर ओळखीचे प्राध्यापक होते, दोन संपादक होते. मी दहा मिनिटं अनुभवाच्या अस्सल धगीवर बोलले आणि टाळ्या घेऊन खाली बसले. इतका निलाजरेपणा माझ्यात असेल असं मला वाटलं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर अनोळखी बायका डोळे पुसत म्हाताऱ्याचं सांत्वन करायला लागल्या. ते नुसती मान हलवत होते. ते बघून बाई घाबरल्या. नवऱ्याची बाही ओढत म्हणाल्या, "अण्णा, कोण गेलं हो?"

"कुणी नाही गं. सगळे आहेत," ते म्हणाले. मग माझ्याकडे हात केला. "ह्या अक्कांनी माझ्या पुस्तकात दोन शब्द लिहिलेत. ते ऐकून लोकांना रडू आलं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा एकदम खुलला, आणि दोन्ही हात जोडून त्या म्हणाल्या, "छान लिहिता हो तुम्ही."

म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. मीही हात जोडले आणि म्हणाले, "धन्यवाद."